भाताचे तूस : कांडी करावी की राख?

पनवेल, खालापूर, कर्जत, पेण या बाजूस भाताची झोडणी आटोपून गिरण्या सुरू झाल्या की गिरणीच्या मागील अंगास तुसाचे ढीग दिसू लागतात. वारा सुटला की तूस शेजारच्या अंगणात जाते. अवकाळी सर आली की ते भिजून कुबट वास सुटतो. आणि कोणी जळकी विडी टाकलीच तर ढीग आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहतो. अशा या गैरसोयीच्या पदार्थाच्या यंत्राने दाबून लाकडासारख्या टणक कांड्या करता येतात व कारखान्यांच्या बॉयलरांत त्या कोळशाऐवजी जाळता येतात, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. व्यापारात या कांड्यांना ब्रिकेट किंवा 'पांढरा कोळसा' असे म्हणतात. तळोजे, रसायनी, पाताळगंगा या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, आपल्या गावात असे यंत्र बसवावे काय, बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने त्यासाठी कर्ज काढावे काय, अशी विचारणा होणे स्वाभाविक आहे. यंत्राची स्तुती करणे किंवा त्यास नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. तूस यंत्राच्या तोंडात टाकण्यापूर्वी शेतकऱ्याने जो हिशेब करावयास हवा, तो येथे मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडा खुलासा केलेला बरा. कोकणातील भात उत्पादक 'ब्रिकेट' म्हटले की युरिया-डीएपीची उशीच्या आकाराची गोळी समजतो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीमुळे ती घरोघरी माहीत झाली आहे. चार चुडांच्या चौकोनात मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, एक गोळी. गुंठ्याला ६२५ गोळ्या. तीही दाबयंत्रावरच तयार होते, परंतु ती खताची ब्रिकेट होय. येथे विषय आहे तो इंधनाच्या ब्रिकेटचा, म्हणून या लेखात तिला 'कांडी' असेच म्हटले आहे. चारसूत्रीचा उल्लेख मात्र पुढे पुन्हा येणार आहे, आणि तो केवळ नामसाधर्म्यामुळे नव्हे.

दाबून जाळण्याची कल्पना आपल्याकडील गृहिणींना फार पूर्वीपासून अवगत होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून तिच्या भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरावयाचा, बाटली अलगद काढून घ्यावयाची आणि खालच्या छिद्रातून पेटवण घालावयाचे. भुशाची ही शेगडी नीट भरली असेल तर सावकाश जळे आणि एका भरणीत स्वयंपाक आटोपत असे. भरणी सैल राहिली की भुसा ढासळून धूर होई. पनवेल हे एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले गाव. देश आणि समुद्र यांच्या दरम्यानचे बहुतेक गाडीवाले चाके येथून नेत, असे ब्रिटिश अमदानीतील गॅझेटिअरात नमूद आहे. सुतारमेटे जेथे एवढी, तेथे भुशाला काय तोटा असणार! यंत्र करते तेही हेच काम, परंतु हाताच्या हजारोपट जोराने.

कोळशाच्या चुऱ्याचे दाबून ढेकूळ करण्याचे एक पेटंट अमेरिकेत १८४८ साली विल्यम ईस्बी यांस मिळाले होते. पालापाचोळा, भुसा व तूस यांसाठी आज मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे वापरात आहेत. पहिले दट्ट्याचे. त्यात जड फ्लायव्हीलच्या जोरावर दट्ट्या मिनिटाला दोनशेहून अधिक वेळा पुढेमागे होतो व प्रत्येक ठोक्यास मालाचा एकेक थर निमुळत्या साच्यात ठोसून बसवितो. साच्यातील दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून अधिक असतो. घर्षणाने माल तापतो, आणि शंभर अंशांच्या वर उष्णता गेली की वनस्पतीच्या पेशींतील लिग्निन नावाचा घटक नरम पडू लागतो. तोच येथे सरसाचे काम करतो. म्हणून डिंक, मळी वा शेण असे काहीही घालावे लागत नाही. साच्यातून निघालेली कांडी लांब पन्हळीतून सरकत थंड होते व आपोआप तुकडे पडतात. दुसरे यंत्र मळसूत्री. त्यात फिरते मळसूत्र माल पुढे रेटते व साच्याला बाहेरून वीज देऊन सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवितात. त्याची कांडी अधिक घट्ट, मधून पोकळ व बाहेरून काळसर भाजलेली असते. ती चांगली पेट घेते आणि लवकर फुटत नाही.

मळसूत्री कांडी दिसावयास देखणी असली तरी तुसाच्या बाबतीत एक अडचण आहे. तुसात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, फार. तूस मळसूत्राला कानसेप्रमाणे घासते आणि मळसूत्राचे टोक झिजले की कांडी सैल पडते. कठीण धातूचा थर चढवून मळसूत्र पुनःपुन्हा दुरुस्त करावे लागते. दिल्लीच्या आय.आय.टी.मधील प्रा. पी. डी. ग्रोव्हर व एस. के. मिश्रा यांनी अन्न व कृषी संघटनेच्या एका प्रकल्पासाठी १९९६ साली या विषयावर जी पुस्तिका लिहिली, तीत कच्चा माल आधी तापवून घेतल्यास झीज व विजेचा खर्च दोन्ही कमी होतात, असे प्रतिपादन आहे. यंत्र विकणारा ही झिजेची गोष्ट सहसा आपण होऊन काढीत नाही. तेव्हा मळसूत्र किती तासांनी बदलावे लागेल, ते भरून देणारा वेल्डर जवळपास कोठे आहे, हे ग्राहकाने विचारलेच पाहिजे.

ओलाव्याचेही तसेच. माल साधारणपणे ८ ते १२ टक्के ओलाव्याचा असावा. त्याहून ओला असेल तर साच्यात वाफ कोंडते, कांडीला तडे जातात आणि प्रसंगी कांडी बंदुकीच्या गोळीप्रमाणे बाहेर उडते. पन्हळीसमोर उभे राहू नये तें याचसाठी. सुके तूस मूळचेच या मर्यादेत असते, हा त्याचा मोठा गुण. उलट ओल्या लाकडाच्या भुशात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते व तो वाळविल्याशिवाय चालत नाही. पेंढा व पाला वाळवावा तर लागतोच, शिवाय बारीक कातरावा लागतो.

आता कांडी करून साधते काय, ते पाहू. दाबल्याने इंधनातील उष्णता वाढत नाही. एक किलो तुसात सुमारे ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते, आणि एक किलो कांडीतही तेवढीच. फरक पडतो तो जागेत. सुटे तूस एका घनमीटरात जेमतेम १०० ते १२० किलो मावते. कांड्यांचा ढीग केला तर तेवढ्याच जागेत ६०० किलोच्या आसपास बसतात. वीस घनमीटर हौद्याच्या ट्रकात तूस भरले तर तो दोन-अडीच टनांवर भरून जातो, कांड्या भरल्या तर बारा टन जातात. थोडक्यात, हे यंत्र वाहतुकीचा खर्च वाचविण्याचे यंत्र आहे. ज्याची गिरणी कारखान्याच्या शेजारीच आहे, त्याला सुटे तूस पोहोचविणेही परवडू शकते. ज्याला लांब पाठवावयाचे आहे, त्यालाच कांडीचा लाभ. पनवेल तालुक्यापुरते बोलावयाचे तर वीटभट्टीवाले सुटे तूस उचलून नेतातच. म्हणजे जे 'टाकाऊ' म्हणून आपण यंत्राला द्यावयास निघालो, त्याला गिऱ्हाईक आधीपासून आहे.

दुसरा प्रश्न यंत्राच्या भुकेचा. लहानात लहान म्हणून तासाला ५०० किलो कांड्या पाडणारे यंत्र घेतले, ते दिवसाला आठ तास व वर्षातून दोनशे दिवस चालविले, असे समजा. वर्षाचे ८०० टन तूस लागेल. शंभर किलो भातातून सुमारे २० किलो तूस निघते. म्हणजे ४,००० टन भात भरडला गेला पाहिजे. हेक्टरी ३० क्विंटल उतारा धरला तर तेरा-साडेतेराशे हेक्टर खाचरांचे हे उत्पन्न झाले. एवढे क्षेत्र एका गावाचे नसते, पाच गावांचेही क्वचितच असेल. त्यातही पनवेल व उरण तालुक्यांतील कितीतरी खाचरे १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईसाठी संपादित झाली. २०२५ साली ज्याचे उद्घाटन झाले, त्या विमानतळाखालीही भातशेतीच गेली. शिवाय गावातील हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्र दळून निघतो आणि तो गुरांकडे वा कोंबड्यांकडे जातो. कांडीस योग्य असे स्वच्छ तूस रबरी रोलरच्या गिरणीतच वेगळे होते. कर्जाच्या अर्जावर वार्षिक उत्पादनाचा आकडा लिहिण्यापूर्वी, गावपातळीवरील सेवकाने आसपासच्या गिरण्यांत जाऊन, तूस किती निघते व आज ते कोण नेते, हे वहीत टिपून घ्यावे. त्यासाठी दोन दिवस पुरतात.

तूस कमी पडले म्हणजे काय होते? यंत्र बंद ठेवले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग मालकाची दृष्टी पेंढ्याकडे, धसकटांकडे, बांधावरील पाल्याकडे वळते. ही गोष्ट जमिनीच्या हिताची नव्हे. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रात पिकाची मुळे व धसकटे उपटू न देता जागच्या जागी कुजू देण्यावर जो भर दिला, तो उगाच नाही. चारसूत्रीतही हेक्टरी दोन टन पेंढा नांगरटीच्या वेळी जमिनीत गाडण्यास सांगितले आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे, यंत्राचे पोट भरण्यासाठी कारखान्यांतील कचरा मिसळण्याचा मोह. हे या भागात विशेष स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. स्वच्छ लाकडाचा भुसा तुसात मिसळणे उत्तम. भुशाची राख फार थोडी असते व कांडी अधिक चिवट होते. परंतु प्लायवूडचा भुसा म्हणजे भुसा नव्हे. त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त सरस असतो. रंग दिलेल्या लाकडाचा चुरा, रेक्झिन, फोम, प्लॅस्टिकच्या चिंध्या, रंगाचा वा रसायनांचा वाळलेला गाळ यांपैकी काहीही कांडीत जाता कामा नये. पीव्हीसी जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू व डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात, आणि जड धातू जळून नाहीसे होत नाहीत. ते राखेत उरतात. धोकादायक कचऱ्यासाठी २०१६ चे केंद्रीय नियम आहेत आणि तळोजे येथेच त्याच्या सामुदायिक विल्हेवाटीची व्यवस्था आहे. तो कचरा जाळावयाचा की पुरावयाचा, हे ठरविण्याची जागा ती. गावातील दाबयंत्र किंवा भाकरीची चूल नव्हे. 'फुकट माल देतो, वर वाहतूकही आमची' असे कोणी कारखान्याच्या फाटकातून सांगत आला, तर त्या औदार्याचे कारण आधी शोधावे. विकत घेतलेली कांडी मोडून पाहावी. आत रंगीत कण, चकाकी, धागे दिसले किंवा पेटविल्यावर नाकाला झोंबणारा काळा धूर निघाला, तर ती चुलीत घालू नये.

चुलीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, तुसाची कांडी ही मुख्यतः बॉयलरचे इंधन आहे. शंभर किलो तूस जळून १५ ते २० किलो राख राहते. आपल्याकडील दगडी कोळशात राख याहूनही अधिक असल्याने कारखान्याला तिचे काही वाटत नाही. घरच्या चुलीत मात्र कांडी जळाल्यावर राखेचा दांडा तसाच उभा राहतो, आतील निखाऱ्याला हवा मिळत नाही व धूर कोंडतो. खाली लोखंडी जाळी बसवून मधूनमधून राख झाडीत राहिल्यासच ती नीट जळते. स्वयंपाकासाठी निर्धूर कांडी हवी असेल तर वाट वेगळी आहे. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाचे पाचट बंद पिंपात भाजून त्याचा कोळसा करावयाचा आणि त्या भुकटीत खळ घालून कांड्या पाडावयाच्या, अशी रीत बसविली व तिला २००२ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले. त्यात वजनाचा मोठा भाग धुरावाटे जातो, हे खरे. परंतु जे उरते ते घरात जाळण्याजोगे असते.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून घेते व ती पाने, खोड आणि तूस यांत साठविते. खोड ताठ राहणे, पीक न लोळणे, खोडकिडा व करपा यांस काहीसा प्रतिकार होणे, यांत तिचा वाटा आहे. तुसाच्या राखेत दहापैकी नऊ भाग सिलिकाच असते. कोकणातील धो धो पावसात जमिनीतील विद्राव्य सिलिका व पालाश वाहून जातात, म्हणून डॉ. सावंत यांनी चार सूत्रांतील पहिले सूत्रच हे ठेवले की भाताचे अवशेष भाताला परत द्यावेत : पेंढा शेताला आणि तुसाची काळसर राख रोपवाटिकेला, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो.

हे प्रमाण घेऊन आकडे मांडा. दहा गुंठे लागवडीस एक गुंठा रोपवाटिका धरण्याची रीत आहे. एक गुंठा म्हणजे १०० चौरस मीटर; अर्ध्या किलोच्या हिशेबाने ५० किलो राख लागेल. त्या दहा गुंठ्यांत पिकणार तीन क्विंटल भात, त्यातून निघणार ६० किलो तूस, आणि त्याची काळसर राख फार तर २० किलोच्या घरात. वाफ्यांमधील पाटांची जागा वगळली तरी राख कमीच पडते. नियंत्रित लावणीत रोपे कमी लागत असल्याने वाफे आवरते घेता येतात व ही तूट काहीशी भरून निघते, परंतु शिल्लक अशी काही राहत नाही. म्हणजे ज्या तुसाचे काय करावे म्हणून आपण यंत्र शोधावयास निघालो, ते आपल्याच तरव्याला पुरेसे नाही! राबासाठी झाडांच्या फांद्या खांडून, पाला-शेण पसरून वाफा भाजणारा शेतकरी आपले तूस गिरणीत सोडून येतो, याला काय म्हणावे? पुष्कळ ठिकाणी भरडाईच्या व्यवहारात तूस गिरणीवाल्याकडेच राहते आणि त्याची किंमत कोणी विचारीत नाही. निदान रोपवाटिकेपुरती पोती आपण मागून घ्यावीत, आणि यंत्राला द्यावयाचे ते त्यानंतर उरलेले, व्यापारी गिरण्यांचे.

कारखान्यात कांड्या जळल्यावर उरणारी राख परत आणून वाफ्यात घालावी, असे कोणी सुचवील. ती कल्पना वरवर पाहता चांगली वाटते, पण उपयोगाची नाही. सुमारे ७०० अंशांच्या वर तूस जळत राहिले की सिलिका काचेसारखी स्फटिकरूप होऊ लागते व रोपाला ती सहजी मिळत नाही. बॉयलरमधील पांढुरकी राख पुष्कळदा अशीच असते. शिवाय त्या भट्टीत तुसाबरोबर आणखी काय जाळले गेले, हे आपल्याला ठाऊक नसते. अशी राख मोफत मिळाली तरी रोपवाटिकेत नेऊ नये.

काळसर राख मंद आचेवरच होते आणि ती घरी करता येते. कोरड्या, उघड्या जागी, घरे व उडव्यांपासून दूर, वारा पडलेला असताना काम करावे. पत्र्याच्या जुन्या डब्याला चहूकडून भोके पाडून त्यात पेटवण घालावे, वर धुराड्यासाठी नळी उभी करावी व भोवती तुसाचा ढीग रचावा. ज्वाळा दिसू देऊ नये. ढीग नुसता धुमसला पाहिजे. आतून काळा रंग पसरत बाहेर येतो. बाहेरचे पिवळे तूस फावड्याने वर ओढीत राहावे. सर्व ढीग काळा झाला, की तो राखाडी-पांढरा होऊ लागण्यापूर्वीच पसरून पाणी शिंपडावे व पूर्ण विझला याची हात लावून खात्री करावी. काम चालू असता तोंडाला ओले फडके बांधावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. ही राख मृगापूर्वी, गादी वाफे तयार करताना, वरच्या थरात मिसळावयाची. डिसेंबर-जानेवारीत भरडाई झाली त्याच वेळी ती करून पोत्यांत भरून ठेवल्यास पेरणीपर्यंत उत्तम राहते; पोती मात्र गोठ्याच्या ओल्या भिंतीस टेकवू नयेत, फळीवर ठेवावीत.